मिठाचा किलो

"गुर्जी, पिशवी ओली लागतीया," बापू म्हणाला.

"तुझे हात ओले असतील. चड्डीला पूस आणि पुढची घे."

बापूनं हात चड्डीला पुसले, पुढची पिशवी उचलली आणि पुन्हा हात पुसले. तिसरीतलं पोर. गुरुजी म्हणतात म्हणजे आपलेच हात ओले असणार, एवढी त्याची माझ्यावर श्रद्धा. माझी माझ्यावर त्याहून जास्त होती.

शनिवारची सकाळची शाळा होती. श्रावण नुकता लागलेला. माणदेशात पाऊस पडतो कमी आणि दाटून येतो जास्त. तसा तो चार दिवस नुसता दाटून आला होता. शाळेपुढच्या लिंबाच्या फांदीला मी एक बांबू आडवा टांगला होता. त्याच्या दोन टोकांना दोन लोखंडी पाट्या. एका पाटीत तांदूळ, दुसरीत माझ्या पिशव्या. आमच्या पांढरमळ्याच्या शाळेचा हा तराजू, आणि मी त्याचा जनक.

पिशव्यांबद्दल सांगायला हवं. मांजरपाटाच्या दहा पिशव्या, प्रत्येकीत बरोबर एक किलो खडे मीठ, वर तांबड्या रंगात मोठा एकचा आकडा. शिवाय अर्ध्या किलोची, दोनशे ग्रॅमची, शंभराची अशी त्यांची पिल्लं. मार्चच्या उन्हात वाण्याच्या दुकानात बसून, त्याच्या सरकारी छापाच्या वजनांनी मी एकेक पिशवी तोलली होती. वाळू का नाही भरली? तर ओढा दीड मैल लांब आणि मिठाचं पोतं समोर. शिवाय मीठ पांढरंशुभ्र, दिसायला छान. मी फलटणच्या सोनाराचा मुलगा, श्रीरंग कुलथे. रसायनशास्त्राचा बी.एस्सी., वर डी.एड. या गोष्टी त्या काळी मी कुणी न विचारता सांगत असे.

वय सव्वीस. मुलांनी गणित हातानं करून शिकावं या मताचा मी होतो. मताचा कसला, वेडाचा. चिंचोके, ज्वारीच्या काड्यांचे गठ्ठे, सुतळीच्या गाठी, काही सोडलं नव्हतं. अपूर्णांक शिकवताना एकदा आमच्या मुख्याध्यापिका इंगवले बाईंच्या डब्यातल्या भाकरीचे आठ समान भाग केले आणि सात भाग वर्गानं खाऊन टाकले. बाईंनी उरलेला एक अष्टमांश शांतपणे खाल्ला आणि म्हणाल्या, "कुलथे, कळला हो अपूर्णांक." शाळेत आम्ही दोघंच शिक्षक, पहिली ते चौथीची अडतीस मुलं आणि दोन खोल्या. बाईंची निवृत्ती तीन वर्षांवर आलेली, माझी कायमची नेमणूक दीड वर्षावर. त्या मला फार अडवायच्या नाहीत. फक्त म्हणायच्या, "मुलांना करू द्या. कागदावर चढवू नका."

त्या शनिवारी मात्र कागदावर चढणार होतं. तालुक्याला शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन भरायचं होतं आणि आमच्या केंद्रातून एक शाळा निवडायला केंद्रप्रमुख फडतरे साहेब स्वतः आले होते. खुर्चीत बसले होते, मांडीवर शेरेबुक. शेजारी ग्रामशिक्षण समितीचे अध्यक्ष दशरथ काळेल आणि चार-पाच सदस्य. मी फळ्यावर उदाहरण लिहिलं होतं. पोत्यात तांदूळ पन्नास किलो. खिचडीला रोज अडतीस मुलं, माणशी शंभर ग्रॅम. पाच दिवसांनी किती उरले?

हे उदाहरण पुस्तकातलं नव्हतं, आणि तीच माझी शेखी होती. सरकारनं नुकतीच शाळेत खिचडी शिजवून द्यायला सुरुवात केली होती. पोतं खरं, तांदूळ खरा, सोमवारी गोदामाच्या काट्यावर इंगवले बाईंसमोर पन्नास किलो भरवून आणलेला. पाचही दिवस हजेरी पूर्ण. खिचडी सुरू झाल्यापासून तापातलं पोरसुद्धा घरी राहत नव्हतं.

"एकतीस किलो," चौथीतल्या मोनालीनं कुणाच्याही आधी सांगितलं. मोनाली मदने. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या तानूबाईंची मुलगी. सावळी, शेलाटी, आणि गणितात अशी, की मी उदाहरण लिहून वळेपर्यंत हिचं उत्तर तयार.

"एकतीस बरोबर," मी म्हणालो, आणि साहेबांकडे बघून आवाज जरा चढवला. "पण हे झालं वहीतलं गणित. आता पोत्यात खरोखर तेवढे आहेत का, ते आपण हातानं मोजून बघू या."

साहेबांनी मान डोलावली. पेनाचं टोपण काढलं.

मुलं कामाला लागली. पोत्यातून पाटीत, पाटीतून चादरीवर. दहा किलो झाले की एक दशक. बापूनं भिंतीवर कोळशानं एक रेघ मारली. पुन्हा दहा, पुन्हा रेघ. मग आठ सुटे. मग अर्ध्या किलोची पिशवी आणि दोनशेची. बांबू आडवा झाला, हलला, थांबला. पोतं रिकामं झालेलं.

मोनाली फळ्यापाशी गेली. खडू हातात धरून जरा थांबली, माझ्याकडे वळली. मग तिनं आकडा लिहिला. अठ्ठावीस किलो सातशे ग्रॅम.

"म्हणजे किती कमी?" अध्यक्ष म्हणाले.

इथं एखादा शहाणा माणूस म्हणाला असता, चला, शाळा सुटायची वेळ झाली. मी म्हणालो, "मुलांनो, किती कमी?" वजाबाकीत हातचा येत होता, माझा आनंद गगनात मावत नव्हता. मोनालीनं वजाबाकी केली. दोन किलो तीनशे ग्रॅम. बरोबर होती. तिनं खडू खाली ठेवला आणि उत्तराकडे बघत उभी राहिली. काय लिहिलं ते तेव्हा तिच्या ध्यानात आलं असावं. माझ्या अजून आलेलं नव्हतं.

अध्यक्ष उठले. शाळेच्या कडेला पत्र्याची चूल-खोली होती, तिच्या दारात तानूबाई उभ्या होत्या.

"तानूबाई, सव्वादोन किलो तांदूळ कुटं गेला?"

"कुटं जातोय?" त्या म्हणाल्या. "रोज आठ मापटी घालते. एक जास्ती न्हाय, एक कमी न्हाय." मापटं म्हणजे त्यांचं पितळी माप, अर्ध्या शेराचं, सासूकडून आलेलं.

"मापट्याचं मला सांगू नका. हितं पोरांनी मोजलंय. तुमच्या पोरीनंच लिवलंय."

"पोरांची चूक झाली आसंल."

आता माझ्या पोरांची चूक, आणि तीही साहेबांसमोर! मी एक पाऊल पुढे आलो आणि ते वाक्य बोललो. आजही कुणी माझ्या नावावर जमा केलं तर मला नाही म्हणता येणार नाही.

"तानूमावशी," मी म्हणालो, "गणित खोटं बोलत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादा ओळखीचा माणूस भलत्याच कपड्यांत दिसावा, तसं.

"नसंल बोलत," त्या म्हणाल्या. "पर मी बी न्हाय बोलत, गुर्जी."

त्यांनी घासायला घेतलेलं उलथनं चुलीशेजारी ठेवलं, मोनालीचा हात धरला आणि वस्तीच्या वाटेला लागल्या. पोर मागं वळून वळून फळ्याकडे बघत होती.

पुढचं झटपट झालं. अध्यक्षांनी तांदूळ पुन्हा पोत्यात भरायला लावला, दाभणानं पोत्याचं तोंड शिवलं, गाठीवर लाख ओतली आणि पोतं बाईंच्या कपाटाशेजारी पुरावा म्हणून ठेवलं. पंचायत समितीकडे कागद गेला. सोमवारपासून खिचडीला अध्यक्षांची भावजय आली. फडतरे साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, "गणिताची जीवनाशी सांगड. उपक्रम स्तुत्य." आमची शाळा प्रदर्शनाला निवडली गेली.

इंगवले बाई त्या दिवशी निघताना दारात थांबल्या. "कुलथे, ती बाई चोर वाटते का हो तुम्हाला?"

"मला वाटून काय उपयोग, बाई? वजन आहे ना."

"हं," त्या म्हणाल्या, आणि छत्री उघडून गेल्या.

मला वाटलं होतं, मोनाली शाळेत यायची नाही. ती आली. रोज आली, वेळेवर आली. खिचडीची पंगत बसली की ती घरून आणलेली भाकरी घेऊन लिंबामागे जायची आणि पाठ करून खायची. उदाहरणं उतरवून घ्यायची, मांडणी करायची आणि उत्तराची जागा मोकळी सोडायची. पहिल्या दिवशी मला वाटलं विसरली. तिसऱ्या दिवशी मी वही घेऊन तिच्यापुढे बसलो.

"मोनाली, हे येत नाही तुला?"

"येतंय."

"मग उत्तर लिही ना."

शेजारच्या पोरीनं तिच्या वतीनं सांगितलं, "उत्तर लिवलं की आयचं काम जातंय म्हंती ती."

मी मास्तर माणूस. तिला समजावलं, की बाळ, गणित वेगळं आणि माणूस वेगळा, उत्तराचा दोष नसतो. बरंच बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं. वही उघडी ठेवली आणि जागा मोकळी.

नारळी पौर्णिमेच्या सुट्टीत मी फलटणला घरी गेलो. प्रदर्शनापूर्वी अण्णांना दाखवावं म्हणून एक किलोची पिशवी बरोबर घेतली होती. अण्णा म्हणजे माझे वडील. सराफकट्ट्यापासून दूर, बोळात त्यांची लहानशी पेढी. चाळीस वर्षं गुंजा-मासे तोललेला माणूस. मुलगा मास्तर झाल्याचं त्यांना दुःख नव्हतं, पण कौतुकही कधी दिसलं नव्हतं. ते बघायला मिळेल अशी मला आशा होती.

"हा किलो," मी पिशवी गादीवर ठेवत म्हणालो. "मुलांसाठी मी स्वतः तयार केला."

अण्णांनी पिशवी उचलली. नुसती हातात धरली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"किलो?"

"हो."

मग चांदी तोलायचा काटा पुढे ओढला, दोन्ही पारडी फुंकली, फडक्यानं पुसली. एका पारड्यात पिशवी, दुसऱ्यात एक किलोचं वजन. पिशवी खाली गेली. अण्णांनी पन्नास ग्रॅम टाकले, पिशवी खालीच. वीस टाकले. दहा टाकले. काटा मध्यावर आला.

"एक किलो ऐंशी ग्रॅम," अण्णा म्हणाले. "आत काय आहे?"

"मीठ."

"कसलं मीठ?"

"खडे."

अण्णांनी दाराकडे पाहिलं. बाहेर बोळात बारीक पाऊस होता. त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून आईला हाक मारली. "अगं, पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं?"

"काय व्हायचंय? पाणी सुटतं," आई आतून म्हणाली. "का, तुम्हाला काय करायचंय?"

हवेतली ओल शोषून घेणारे पदार्थ. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला यावर टीप होती. मी ती लिहिली होती, उदाहरणांसकट, आणि पाचपैकी पाच गुण मिळवले होते. मार्चमधला माझा किलो श्रावणात ऐंशी ग्रॅमनं फुगला होता. वजन जड झालं, म्हणून तांदूळ हलका भरला. दर किलोला ऐंशी ग्रॅम, म्हणजे अठ्ठावीस किलो सातशेला... मी मनात गुणाकार केला आणि तिथंच गादीच्या काठावर बसलो. उत्तर एकतीस किलोला चार ग्रॅम कमी येत होतं.

मी अण्णांना सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

"सोनं कमी भरलं की गिऱ्हाईक सोनाराला चोर म्हणतं," ते म्हणाले. "म्हणून दुकान उघडलं की आधी वजनं तपासायची, मग सोनं. एवढंही घरातून घेऊन गेला नाहीस?" मग पिशवी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "पहिल्या गाडीनं जा."

तानूबाई वस्तीवर नव्हत्या. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर विचारत गेलो तेव्हा मटकीच्या रानात भांगलताना सापडल्या. ओळीत सहा बाया, हातात खुरपी. मी चिखलात बुटांसकट उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्या खुरपं चालवत ऐकत होत्या.

"म्हंजी मीठ पानी धरतंय ह्ये तुमास्नी ठावं नव्हतं?"

"ठाऊक होतं," मी म्हणालो. "परीक्षेत लिहिलं होतं."

ओळीतली एक बाई फिसकन हसली. तानूबाई हसल्या नाहीत.

"मला माफ करा, मावशी. माझी चूक झाली."

"ती मला पयल्या दिवशी बी ठावी व्हती," त्या म्हणाल्या. "हितं बांधावर सांगून काय उपेग, गुर्जी? जितं म्हनला, तितं म्हना. तेवढीच मान्सं बोलवा."

आणि पुढच्या ओळीला सरकल्या.

खरं सांगतो, परतताना मला हायसं वाटत होतं. म्हणजे म्हणायचं होतं ते काही फार वाईट नव्हतं. दोष मिठाचा होता. हवेचा होता. मी फार तर भोळा ठरणार, आणि भोळा मास्तर गावाला आवडतो. इंगवले बाईंनाही मी तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "सांगा. मिठावर गेलं म्हणजे तुमच्या नोकरीवर येणार नाही." त्यात टोमणा होता की काळजी, हे मला त्या वेळी उमगलं नाही.

शनिवारी पुन्हा सगळे जमले. फडतरे साहेब आले नाहीत. त्यांना प्रदर्शनाची तयारी होती. अध्यक्ष आले, कपाळाला आठ्या घालून. आया आल्या, तानूबाई आल्या आणि मागं भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. वाण्याकडून मी लोखंडी वजनं मागून आणली होती. मुलांनी माझ्या पिशव्या त्या वजनांनी तोलल्या आणि एकेक पिशवी जड भरत गेली तशी गर्दीत कुजबुज वाढत गेली. बापू तर दर पिशवीला, "ही बी वली!" असं विजयानं ओरडत होता.

मी बोलायला उभा राहिलो. भाषण चांगलं तयार केलं होतं. मिठाचा गुणधर्म सांगितला. रसायनशास्त्राचा पदवीधर असून पदवी घरी विसरून आलो, असं म्हणालो, लोक हसले. सोनाराच्या पोराला वजन कळेना, असं म्हणालो, आणखी हसले. अध्यक्षांच्यासुद्धा आठ्या सैल झाल्या. तानूमावशींवर अन्याय झाला, मी त्यांची जाहीर माफी मागतो, असं म्हणालो. आणि शेवटी, ओघात, म्हणालो, "काय करणार, मीठच फसवं निघालं. त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाच शंका आली नाही."

"मला आल्ती," मोनाली म्हणाली.

ती फळ्याशेजारी उभी होती. आवाज मोठा नव्हता.

"मी म्हनलं हुतं, गुर्जी, पिशव्या जड लागत्यात, परत मोजू का. आकडा लिवायच्या आदी. तुमी म्हनला, गरज न्हाय, साहेब बसल्यात."



म्हणाली होती. खडू हातात धरून, माझ्याकडे वळून, अगदी हळू म्हणाली होती. तिला एकतीस यायला हवे होते आणि ते येत नव्हते. चौथीतल्या पोरीला कळलं होतं, की हिशेब आणि माप जुळत नसेल तर आधी माप बघायचं. आणि मी तिला तोंडातल्या तोंडात म्हणालो होतो, "लिही, लिही. गरज नाही. साहेब बसलेत." त्यानंतरच्या चौदा दिवसांत मी बापूचे ओले हात आठवले, मीठ आठवलं, बी.एस्सी.ची टीप आठवली, सगळ्यावर स्वतःला हसून घेतलं. हे एवढं मात्र मला एकदाही आठवलं नव्हतं. आठवायला मी बसलोच नव्हतो.

"पोरीच्या जातीनं मोठ्यांत बोलू नये," अध्यक्ष म्हणाले. "जाऊ द्या गुरुजी, झालं गेलं."

"बोलू द्या तिला," तानूबाई भिंतीपासून म्हणाल्या.

मी मोनालीकडे बघितलं. माझ्या तयार भाषणातलं एकही वाक्य उपयोगाचं उरलं नव्हतं.

"म्हणाली होतीस," मी म्हणालो. "तू बरोबर होतीस. तुला मोजू दिलं असतं तर यातलं काही झालं नसतं. मिठाची चूक नाही. माझी आहे." आणि मग गर्दीकडे वळून पुन्हा म्हणालो, कारण पहिल्यांदा आवाज बाहेर आला की नाही याची मला खात्री नव्हती.

कुणी हसलं नाही.

"मग आता मोजू का?" मोनालीनं विचारलं.

इंगवले बाईंनी कपाटाशेजारचं पोतं ओढून आणलं. लाखेची गाठ सगळ्यांना दाखवली आणि कात्रीनं तोडली. लोखंडी वजनं पाटीत गेली. मोनालीनं आधी रिकाम्या पाट्या टांगून बांबू आडवा राहतो का ते पाहिलं. मला ते कधी सुचलं नव्हतं. मग पाट्यांची अदलाबदल करून पुन्हा पाहिलं. अध्यक्ष दोनदा घड्याळात बघून खोकले. शाळा सुटायची वेळ होऊन गेली, घंटा कुणी दिली नाही, घरी कुणी गेलं नाही. भिंतीवर कोळशाच्या तीन रेघा उमटल्या. मग सुटं मोजमाप. मोनाली फळ्यापाशी गेली आणि तिनं लिहिलं, तीस किलो नऊशे साठ ग्रॅम.

"चाळीस ग्रॅम कमी हाय," बापूनं जाहीर केलं.

"खडं निगालं त्येचं," तानूबाई म्हणाल्या. "तांदळातलं खडं निवडून टाकते मी. का त्ये बी शिजवायचं व्हतं?"

आता मात्र लोक हसले, आणि अध्यक्षांना त्यांच्यात सामील व्हावं लागलं. तानूबाईंचं काम त्यांना सोमवारी परत मिळालं. मिळालं म्हणजे इंगवले बाईंनी अध्यक्षांना पोत्याशेजारी उभं करून त्यांच्याकडून ते लिहून घेतलं. कागदावर काय चढवायचं ते बाईंना बरोबर ठाऊक होतं. तानूबाई माझ्याशी पुढे कामापुरतं बोलत. पोरांशी पूर्वीसारख्याच. मला त्यांनी माफ केलं की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

गर्दी पांगल्यावर मोनाली फळा पुसत होती. मी खडूचे तुकडे गोळा करण्याचं निमित्त करून तिथं गेलो.

"मोनाली, मी चुकलो."

"मगाशी म्हनला की."

"ते सगळ्यांना म्हणालो. हे तुला."

तिनं फळा पुसणं थांबवलं नाही. पुसता पुसताच विचारलं, "गुर्जी, मग परत मोजू का म्हनलं, की मोजायचं?"

"मोजायचं."

"कोन बसलं आसलं तरी?"

"कोणीही बसलेलं असलं तरी."

"किती येळा?"

"तुझं समाधान होईपर्यंत."

हे वचन देताना त्याची किंमत मला माहीत नव्हती. त्या वर्षी आमच्या वर्गात एकही उदाहरण सरळ सुटलं नाही. मोनाली परत मोजायची. तिचं बघून बापू परत मोजायचा. मग सगळाच वर्ग. चिंचोके तीनतीनदा मोजले जात, काड्यांचे गठ्ठे सोडून पुन्हा बांधले जात, पुस्तकामागची उत्तरं खरी आहेत का तेही तपासलं जाई आणि त्यातली दोन चुकीची सापडली. मी शिकवलेलंसुद्धा ती पोरं परत मोजत. प्रदर्शनाला मी मिठाच्या पिशव्या नेल्या नाहीत. साहेब नाराज झाले. मार्च आला तेव्हा भागाकार निम्मा राहिला होता आणि भूमितीचं तर पान उलटलेलं नव्हतं.

फडतरे साहेब वार्षिक तपासणीला आले. वह्या चाळल्या, कपाळाला हात लावला.

"कुलथे, अहो, अर्धा अभ्यासक्रम राहिलाय! वर्षभर करत काय होता तुम्ही?"

"मोजत होतो," मी म्हणालो.

साहेबांनी शेरेबुक ओढून लिहिलं. त्यानंतर वीस वर्षांत मला बरे शेरे मिळाले, दोन-तीन तर फारच बरे. पण पाठ आहे तो हाच. "इयत्ता चौथी, गणिताचा अभ्यासक्रम अपूर्ण. कारण विचारले असता शिक्षकाकडून समाधानकारक उत्तर मिळाले नाही."